सांडव्यावरचं जाळं

आमच्या मालकीचं धरण आहे, हे मी परळमध्ये इतक्या जणांना ऐकवलंय की कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा मला बघून विचारायचा, "काय ताई, भरलं का धरण?" आणि मीही कोथिंबीर निवडत त्याला पाण्याची पातळी सांगत बसायचे. हसायचं तर हसा. जिचं लहानपण दहा बाय बाराच्या खोलीत आणि सार्वजनिक नळाखाली कळशी धरण्यात गेलं, तिच्या नावावर आख्खं तळं! मला अजूनही सांगताना अंगावर काटा येतो.

तसं ते सगळं माझं नव्हे. आमच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा अकरा बिऱ्हाडांनी मिळून कर्जतच्या पुढे जमीन घेतली. आधीच्या मालकाने तिथल्या ओढ्याला मातीचा बांध घालून तळं केलं होतं, निव्वळ हौस म्हणून. बांध दोन पुरुष उंच, वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. आम्ही तिथे पोहायचो, पायडलची होडी फिरवायचो, गळ टाकून गप्पा मारायचो. बांधाच्या एका टोकाला सांडवा होता, म्हणजे पावसाळ्यात जास्तीचं पाणी निघून जायला खणलेली वाट. आणि बांधाच्या खाली राखणदार, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई अशी तिघं राहायची. घर तिथे बांधा असं आम्हीच सांगितलं होतं, विहीर जवळ म्हणून.

पहिल्या वर्षी तळ्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडली. आम्ही बहुतेक सगळे मूळचे मालवणकडचे, गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडणारे. पण आपल्या तळ्यातला म्हटल्यावर तोही गोड लागायला लागला. पुढे जुलैत सांडवा वाहायला लागला आणि आमचे मासे पाण्याबरोबर थेट खालच्या गावात गेले. गावाने दोन दिवस दिवाळी केली, आणि इथे परळला गच्चीवर सुतक! तातडीची मीटिंग लागली. सेक्रेटरी मीच. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पाणी जाऊ दे हो, मासे थांबले पाहिजेत." माझी ट्यूब एकदम पेटली. "सांडव्याला जाळं लावू या!" टाळ्या पडल्या, लगेच ठराव झाला, वर वडापाव.

शीव कोळीवाड्यातून जाळं मीच आणलं, चांगलं बारीक विणीचं. विकणाऱ्या म्हाताऱ्याने कशाला हवं ते विचारलं आणि ऐकून म्हणाला, "बाय, पालापाचोळा अडकला की जाळ्याची भिंत होते हां." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जाळं द्या, सल्ला नको." माझं हे असंच. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही.

तळ्यात पुन्हा पिल्लं सोडली आणि सांडव्याच्या दोन्ही काठांना लोखंडी खांब ठोकून जाळं ताणून बांधलं. राखणदाराची बायको बाजूला उभी राहून बघत होती. बुटकी, काटक, कमी बोलणारी बाई. एकदा जोराचा पाऊस झाला तेव्हा तिने जाळं चार दिवस सोडून ठेवलं आणि नंतर पुन्हा बांधलं. मला हे कळल्यावर मी तिला फोनवर असं झाडलं की विचारू नका. "कुणाला विचारून सोडलंस? अकरा जणांची वस्तू आहे ती! ठराव झाल्याशिवाय तिथल्या काडीलाही हात लावायचा नाही, कळलं?" ती म्हणाली, "बरं ताई." फोन ठेवून मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बघा, बोलल्याशिवाय शिस्त लागत नाही."

मग आला गेल्या पावसाळ्यातला तो रविवार. सकाळचे नऊ वाजले असतील. सुरमईला मसाला लावत होते, दोन्ही हात लालभडक. तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल. नवऱ्याने फोन डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवला आणि समोरचं बघून माझे हात तसेच हवेत राहिले. सांडव्यावर जाळं नव्हतंच, भिंत होती! पानं, फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, एक तुटकी चप्पल, सगळं एकमेकांत घट्ट बसलेलं. पाणी तुंबून बांधाच्या माथ्याशी आलेलं. वर जेमतेम वीतभर माती पाण्याबाहेर होती.

"ताई," ती ओरडून बोलत होती, पावसात नीट ऐकू येत नव्हतं, "रात्रभर पडतोय. पायथ्याशी पाणी पाझरतंय. आधी नितळ यायचं, आता गढूळ येतंय. जाळं कापू का?"

गढूळ म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बांधाच्या आतली माती वाहून यायला लागली की पाणी गढूळ होतं, हे नंतर कळलं. पण तिचा चेहरा मला कळत होता. आणि तिच्या मागे, बांधाखाली, तिच्या घराचे पत्रे दिसत होते.

"सकाळपासून कुणाला सांगितलं नाहीस?"

"सात वाजता काकांना केला होता फोन. ते म्हणाले, ग्रुपवर विचारून सांगतो."

रविवारी मी ग्रुप बघत नाही. नवऱ्याने उघडला. अहो, काकांनी तिथे मतदान लावलं होतं! जाळे काढावे: हो, नाही, पुढच्या रविवारी प्रत्यक्ष पाहून ठरवू. तिसरा पर्याय पुढे होता. कुणीतरी खाली लिहिलं होतं, "या वर्षी मासे दीड-दीड किलोचे झालेत, घाई नको." आणि त्यावर चार अंगठे.

माझं डोकंच फिरलं. "काप!" मी अशी किंचाळले की समोरच्या दारातली आंटी धावत आली. "आत्ता काप! काठावरून काप, पाण्यात उतरू नकोस, आधी खांबाची दोरी तोड!"

तिने फोन दगडाला टेकवला असावा. पडद्यावर नुसतं करडं आभाळ. कोयत्याचे घाव ऐकू येत होते, एक, दोन, मग थांबले. मग परत. आंटीने माझा मसाल्याचा हात घट्ट धरला होता आणि ती तिच्या मदर मेरीला हाका मारत होती, मी रवळनाथाला. नवरा उगाचच फोनला सांगत होता, "जपून, जपून." आणि मग आवाज आला. कसा सांगू? गच्चीवरची आख्खी टाकी एकदम कुणी उपडी करावी, तसा. पाठोपाठ काहीच नाही. नुसतं आभाळ आणि पाणी.

"अगं ए!" मी ओरडत राहिले. "बोल ना गं! आहेस ना?"

किती वेळ गेला देव जाणे. सुरमई जागेवर, गॅसवर तेल जळतंय, कुणाचं लक्ष नाही. मग पडदा हलला आणि तिचं ओलंचिंब तोंड दिसलं. "गेलं, ताई. पाणी उतरतंय." तिने फोन फिरवला. सांडवा घों घों वाहत होता आणि त्यातून आमचे दीड-दीड किलोचे मासे चकाकत उड्या मारत चालले होते! मी आणि आंटी टाळ्या पिटत होतो, रडत होतो, नाचायचं तेवढं बाकी होतं. माझ्या जन्मात मला मासे जाताना बघून एवढा आनंद झाला नव्हता.

मग एकदम आठवलं. "अगं, सासूबाई? आणि तुझा नवरा कुठंय?"

"त्यांना पहाटेच पाठीवर घेऊन वर देवळात नेलं त्याने. भांडीपण नेली. शेरडं नेली."

म्हणजे तिला पहाटेच सगळं कळलं होतं. पहाटेपासून ती बांधावर एकटी उभी होती.

पुढच्या शनिवारी आम्ही एका इंजिनियरला घेऊन गेलो. त्यांनी बांधाचा पायथा बघितला, सांडवा बघितला आणि आमच्या तोंडाकडे बघितलं. "अजून तासभर उशीर झाला असता, तर बांध राहिला नसता," म्हणाले. काका मान खाली घालून होडीला टेकून उभे होते. पायथ्याला दगड-वाळूची भर घाला, सांडवा रुंद करा आणि पुन्हा त्यात काहीही अडकवू नका, एवढं सांगून इंजिनियर गेले. घरही हलवायचं ठरलं, वरच्या माळावर. तिथल्या तिथे मी ठराव लिहिला: सांडव्याबद्दल काय करायचं ते ती ठरवेल, कुणालाही विचारायची गरज नाही. अकरा सह्या झाल्या.

मी लालबागहून एक नवा कोरा कोयता नेला होता, चांगला पोलादी, लाकडी मुठीचा. तिच्या दाराशी, सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हा इथेच टांगून ठेव. पुन्हा तशी वेळ आली तर एक क्षण थांबायचं नाही."

तिने धार अंगठ्यावर तपासली, मूठ बघितली. मग माझ्याकडे बघून हसली, अगदी साधं.

"कोयता तर माझ्याकडे होताच, ताई," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.