ब्राशोवला नेलेल्या वहाणा

डिचोलीत आम्ही ज्याला थंडी म्हणतो, त्या थंडीत ब्राशोवच्या माणसांनी अंगातले कोट काढून ठेवले असते. डिसेंबरच्या सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो तेव्हा मी कानटोपी घालून दारात उभा असतो. हा माणूस रुमानियातल्या डोंगरातल्या एका शहरात अख्खा हिवाळा काढून आला आहे, हे माझ्या नातवंडांना खोटं वाटतं. पुरावा म्हणून एक फोटो आहे, पण त्यात मी इतक्या कपड्यांत आहे की तो कुणाचाही असू शकतो.

गोवा राज्य होऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आमच्या डोंगरांतलं लोखंडाचं खनिज, ज्याला आम्ही नुसतं माती म्हणायचो, बोटींतून रुमानियाला जायचं आणि तिथून यंत्रं यायची होती. ती उघडायची कशी आणि पुन्हा जोडायची कशी हे शिकायला आम्हा तिघांना तीन महिने ब्राशोवच्या कारखान्यात पाठवायचं ठरलं. घरात सगळे खूश झाले. बाबांनी मात्र एवढंच विचारलं, "जंय आमची माती जाता, थंयच मां?"

ते असं का विचारत होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी त्यांच्या पायांची गोष्ट सांगायला हवी.

बाबा दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. आमच्या वस्तीमागे एक टेकडी होती आणि तिच्यावर राखणदाराचा दगड होता. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा. खांद्यावर कांबळ, हातात काठी, आणि सीमेवरून फिरणं हे त्याचं काम. लोक दर वर्षी त्याला नव्या वहाणा आणि तांदळाच्या पिठाचा जाड रोट ठेवायचे. जुन्या वहाणा झिजलेल्या दिसल्या की तो वर्षभर फिरला म्हणून निश्चिंत व्हायचे. खाण त्या टेकडीपर्यंत पोचली तेव्हा गावातला एकही माणूस त्या दगडाला हात लावायला तयार होईना. बाबा गावचे नव्हते, तरणे होते, यंत्र नवीन शिकलेले होते आणि सगळे बघत होते. त्यांनी यंत्राच्या एका घासात दगड उचलला आणि मातीबरोबर ट्रकमध्ये टाकला.

पुढच्या अमावास्येला त्यांनी स्वतःच खाणीच्या काठावर वहाणा आणि रोट ठेवला. रोट सुकून गेला, वहाणांवर लाल धूळ बसली आणि पावसाळ्यात त्या कुजल्या. बाबांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. "तो थंय नाय आता," ते म्हणाले. "मातयेबरोबर बोटीत बसान गेलो. अनवाणी गेलो." त्या दिवशी त्यांनी आपल्या पायातल्या वहाणा काढल्या त्या कायमच्या.

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. त्यानंतर वीसेक वर्षं ते अनवाणीच होते. मे महिन्यातल्या डांबरावर, ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, बाजारात, लग्नात, सगळीकडे. टाचांच्या भेगांत लाल माती अशी बसली होती की आंघोळ करूनही जायची नाही. मला त्यांची लाज वाटायची. मित्र घरी आले की मी बाबांना मागच्या पडवीत बसवायचो.

मी जायच्या वर्षी त्यांच्या पायाला काच लागली. साखरेचा आजार होताच, जखम भरेना. म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायात घाला, नाहीतर आज बोट कापावं लागेल आणि उद्या पाऊल. आई रडली, मग चिडली. "पाय कापल्यार तुझो राखणदार कुबडी घेवन येतलो काय?" असं तिनं तोंडावर विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तेच्या पायात काय नाय, आणि मी घालू?"

तर मी जाणार म्हटल्यावर बाबांना वाट सापडली. डिचोलीच्या बाजारात आमच्या चांभाराकडे जाऊन त्यांनी वहाणा करायला सांगितल्या. "माप कोणाचा घेव?" त्यानं विचारलं. बाबांनी स्वतःचं पाऊल पुढे केलं आणि म्हणाले, "ह्येच्यापेक्षा बोटभर म्होटी." चांभारानं तेवढं माप घेतलं. निघताना बाबांनी ती जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत तळाशी ठेवली. "तेका दी. आणि सांग, परत ये म्हणान. नायच येवचा झाला तर निदान पायात घाल म्हणान. तेणी घातल्यो काय मी घालतलंय."

आपली माती आधी दुसऱ्याच शहरातल्या भट्टीत जाते, ब्राशोवला नुसतं लोखंड पोचतं, हे मी त्यांना समजावून बघितलं. ते म्हणाले, मग लोखंडाबरोबर पोचला असेल. मी तापट माणूस, चार शब्द बोललो. पण वहाणा बॅगेतून काढल्या नाहीत.

ब्राशोव मला पहिल्याच दिवशी आवडलं आणि पहिल्याच दिवशी नकोसं झालं. शहराच्या अगदी उशाशी डोंगर, त्यावर काळी झाडं, आणि खाली जुन्या घरांची लाल कौलं. कौलं बघून मला घर आठवलं. मग रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी कौलं गायब. मधोमध मोठा चौक, त्याच्या बाजूला एक प्रचंड जुनं चर्च, कधीकाळच्या आगीत भिंती काळवंडलेलं. जुनी तटबंदी, वेशीचे दरवाजे, एक गल्ली तर इतकी अरुंद की जाड कोट घातलेली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागे. दुकानांत वस्तू कमी आणि बाहेर रांगा लांब. संध्याकाळी चार वाजता अंधारून यायचं आणि दिवे मोजकेच लागायचे. इकडे गावात मराठी की कोकणी यावरून भाऊ भावाशी बोलत नव्हता. मी निघालो तेव्हा मीसुद्धा त्या भांडणात मान ताठ करून होतो. तिथे त्या चौकात दोन्हींपैकी कुठल्याही भाषेत कुणी मला शिवी दिली असती तरी मी त्याला मिठी मारली असती.

कारखान्याचं वसतिगृह डोंगराच्या पायथ्याशी होतं. दारात एक म्हातारी बसायची. सगळ्यांच्या चाव्या तिच्याकडे, शेगडी तिच्याकडे, झाडू तिच्याकडे. परदेशी लोकांशी फार बोलायची तिला परवानगी नसावी, कारण आजूबाजूला कुणी असलं की ती आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही. कुणी नसलं की मात्र माझा मफलर सोडून पुन्हा नीट बांधायची आणि तिच्या भाषेत रागवायची. तिच्या पायात नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, जुने बूट होते, तळवे सुटलेले, दोरीनं बांधलेले. पाय सुजलेले असायचे.

वहाणा माझ्या खाटेखाली पडून होत्या. एकदा त्या कोटाखाली लपवून डोंगराची वाट धरली, पण घसरगाडी घेऊन आलेली मुलं माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मी शीळ घालत परत आलो. बरोबरचे दोघे हसत होते, तर त्यांच्यावर खेकसलो. मनात म्हटलं, पोचवल्या असं बाबांना सांगून टाकू, कोण बघायला येणार आहे?

मग घरून पत्र आलं. आईनं शेजारणीकडून लिहून घेतलेलं. जखम वाढली आहे, करंगळीशेजारचं बोट काळं पडलं आहे, हे अजून अनवाणीच फिरतात आणि रोज पोस्टमनची वाट बघतात. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी, उजेड जाता जाता, मी वसतिगृहाच्या मागच्या दारी गेलो. पायरीवरचा बर्फ हातानं बाजूला केला आणि डोंगराकडे तोंड करून वहाणा ठेवल्या. रोट कुठला असणार, रांगेत उभं राहून मिळवलेल्या काळ्या पावाचा अर्धा तुकडा ठेवला. बरोबरच्यांनी त्यासाठी दोन दिवस तोंड फुगवलं. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, बापान तुका वहाणा धाडल्यान. चुकला असात तर पदरात घे, त्यो पायात घाल, आणि येवचा वाटला तर घराक ये." गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. तिथे बाकीचं कुणी नव्हतं. मीच म्हटलं.

सकाळी खाली आलो तर वहाणा म्हातारीच्या शेगडीपाशी, पुसून वाळत ठेवलेल्या. एकीत अक्रोड, दुसरीत एक लहानसं सफरचंद. पाव तिनं भाजून कागदात बांधून ठेवला होता.

माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब आणून, एवढी लाज गिळून दिलेलं देणं हिनं उचलून आणलं! मी तिच्यावर मालवणीत ओरडलो. ती घाबरली नाही. हातानं तिनं मला दाखवायला सुरुवात केली: लहान मुलं, एवढीशी, बूट पुसून ठेवतात, रात्री एक पांढऱ्या दाढीचा संत येतो, मुलांना खाऊ देतो. त्यांच्याकडे त्या दिवशीची तशी रीतच होती. मला वाटलं होतं ती मुद्दाम आड आली. तिला वाटलं होतं, घरापासून दूर असलेल्या या बाप्यानं मुलांसारखे बूट बाहेर ठेवले, तर ते रिकामे कसे राहू द्यायचे? त्या दिवसांत ते सफरचंद तिनं कुठून आणलं असेल हे मला आजही कळलेलं नाही.

मला रडू आलं. तिनं वहाणांकडे बोट करून विचारलं, कुणाच्या? मी छातीवर हात ठेवला, मग हात उंच करून म्हाताऱ्याची पाठ आणि काठी करून दाखवली. बाप. तिला कळलं. पण दिलेली वस्तू आम्ही परत घेत नाही, म्हणून मी ती जोडी तिच्याकडे सरकवली. तिनं नको नको केलं, मग आपले दोरीचे बूट सोडले, आणि जाड लोकरी मोज्यांवर त्या वहाणा चढवल्या. डिचोलीच्या चांभाराचं माप तिला बरोब्बर बसलं.

पुढचे अडीच महिने त्या वहाणांचा आवाज मी जिन्यावर ऐकला. बाबांना पत्र टाकलं, पोचवल्या. उलट टपाली एकच ओळ आली: घातल्यो काय, ता बघ.

निघायच्या दिवशी म्हातारी कुठे दिसली नाही. आजूबाजूला अधिकारी होते म्हणून नसेल आली, असं मनाची समजूत घालून मी गाडीत बसलो.

घरी आलो तेव्हा बाबा खाटेवर होते. एक बोट गेलं होतं, पायाला पट्टी होती. आईनं बॅग उघडली आणि जमिनीवर अक्रोड घरंगळले. खाली वर्तमानपत्रात, रुमानियाच्या वर्तमानपत्रात, गुंडाळलेल्या त्या वहाणा होत्या. आत म्हातारीचे लोकरी मोजे, धुऊन घडी केलेले. म्हातारीकडे सगळ्या खोल्यांच्या चाव्या असायच्या, हे मी विसरलो होतो. बापाची वस्तू बापाकडे, असं तिनं ठरवलं असणार.

मी घाबरलो. देणं परत आलं म्हणजे त्यानं नाकारलं, बाबा दुसरं काय समजणार? मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक वहाण उचलली, उलटी केली आणि टाचेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कातडं एका बाजूनं चांगलं झिजलं होतं.

"झिजल्यो," ते म्हणाले. "चललो रे तो! चललो!" वीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "कसो आसा?"

खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "म्हातारो झालोहा. पाय सुजतत. मोजे घालता."

"थंय काय करता?"

"दार राखता. सगळ्यांच्यो चावयो तेच्याकडे."

"तुका वळाकल्यान?"

"वळाकल्यान. खावक दिल्यान."

बाबा समाधानानं मागे टेकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चांभाराकडे पाठवलं, स्वतःच्या मापाची जोडी करायला. पाय वाचला. त्यानंतर नऊ वर्षं ते वहाणा घालून फिरले, आणि डिसेंबरात डिचोलीच्या आमच्या त्या नावाच्या थंडीत वहाणांच्या आत ते लोकरी मोजे घालायचे. लोक हसायचे. मला त्यांची लाज वाटली नाही.

त्यांना मी जे सांगितलं त्यात म्हातारीचा म्हातारो केला, तेवढं सोडलं तर एक शब्द खोटा नव्हता. ती बाई होती, एवढंच सांगितलं नाही. तिला मात्र कुणी काहीच सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता खाण बंद आहे, खड्ड्यात हिरवं पाणी साठलंय, आणि अमावास्येला काठावर वहाणा ठेवायला मी जातो. राखणदार कसा दिसतो असं नातवंडं विचारतात. तोंड मी बघितलेलं नाही, असं सांगतो. पाय मात्र बघितलेत. सुजलेले, आणि उजव्या अंगठ्यापाशी मोजा रफू केलेला.