कोरी छिन्नी

बंदुकांचा तज्ज्ञ म्हणून लोक माझ्याकडे जरा वचकून बघतात. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत बंदुका येतात, नाही असं नाही. पण माझी बरीचशी नोकरी उचकटलेले कोयंडे आणि कापलेली कुलपं बघण्यात गेली. लोखंडानं लोखंडावर ओढलेल्या रेघा वाचायच्या आणि ही खूण याच हत्यारानं केली की नाही, ते लिहून द्यायचं. त्या लिहिण्यावर माणूस आत जातो.

मुरुडच्या एका दुकानाचा कोयंडा असाच आला होता, आणि त्यासोबत एक छिन्नी. जळकोटच्या एका मोटार-पंप दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीत ती सापडली होती. मी छिन्नी शिशाच्या पत्र्यावर ओढली आणि दोन्ही खुणा मायक्रोस्कोपखाली शेजारी-शेजारी लावल्या. रेघेला रेघ मिळाली. एका जाड रेघेला चिकटून दोन बारीक, मग थोडी मोकळी जागा. मी लिहिलं, ‘खूण याच छिन्नीची आहे.’

या धंद्यातली एक साधी गोष्ट मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. हत्यार वापरून झिजतं, आणि झिजेच्या रेघा त्या एकाच हत्याराच्या असतात. कोऱ्या हत्यारावरच्या रेघा मात्र कारखान्यातल्या घासाईच्या. एका घाण्यातून निघालेल्या दहा छिन्न्यांवर त्या सारख्याच असू शकतात. म्हणून आधी धार बघा, मग रेघा. त्या दिवशी मी धार बघितली नाही. टेबलावर थकलेल्या प्रकरणांचा ढीग होता, महिनाअखेरीची बैठक होती, पोलीस ठाण्यातून रोज फोन होता. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र स्वतःला हेच सांगत होतो.

काही महिन्यांनी नायगावच्या वेगळ्याच घरफोडीतली छिन्नी आली. पातीवर दुकानातला निळा रंग तसाच होता. शिशावर ओढली आणि बघतो तर जाड रेघेला चिकटून दोन बारीक. मुरुडचे फोटो काढून लावले. जुळले. त्या कोयंड्यावरची खूण आता दोन छिन्न्यांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती.

फोटो घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

“रिपोर्ट गेला ना? मग संपलं. कोर्टात इचारलं तर सांग.”

“आणि नाही विचारलं तर?”

“न्हाई इचारलं तर तू काय तिथं उभा राहून भजन म्हणणार हायस का?”

लातूरच्या कोर्टात मला बोलावलं. आरोपीच्या वकिलानं अर्धा तास छिन्नीच्या पाकिटावरच्या लाखेच्या सीलवर घालवला. लाख शाबूत होती का? होती. सही कुणाची? माझी. मी आतल्या आत म्हणत होतो, बाबा, धारेचं विचार की! त्यानं फाइल मिटली. तेवढ्यात पिंजऱ्यातून तो पंपवालाच बोलला, “सायेब, छिन्नी कोरी हाय ती! तिनं कोयंडा उचकटला आसता तर धार बोथट न्हाई का झाली आसती?”

न्यायाधीश म्हणाले, “तुम्ही वकिलामार्फत बोला.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही जाऊ शकता.”

मी गेलो. त्याला शिक्षा लागली.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी मी अडखळायचो. खोटं बोललो नव्हतो, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं. ही पळवाट मला स्वतःलाच पटेना. शेवटी मी पुरवणी अहवाल लिहून वर पाठवला. परत आला, ‘प्रकरण निकाली निघाले आहे.’ दुसऱ्यांदा पाठवला. परत आला, ‘मुद्देमाल उपलब्ध नाही.’ तिसऱ्यांदा पोच तेवढी मिळाली. चूक करायला मला एक दुपार पुरली होती. ती दुरुस्त करायला कुठला रकानाच नव्हता.

मागच्या महिन्यात जळकोटला गेलो. तो अपिलात जामिनावर सुटून आलाय, हे कळलं होतं. घरापुढं पंप उघडून बसला होता. मला लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला नाही.

“हे तवा का न्हाई बोललात?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“म्या इचारलं व्हतं की.”

मग तोच म्हणाला, “मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच हाय. आत या, हिला सांगा. हिच्या माहेरचे अजून दारात येईना गेलेत.”

त्याची बायको ज्वारी निवडत होती. मी घासाई, झीज असं सांगायला लागलो. तिनं मधेच तोडलं, “म्हंजी ह्यांनी केलं न्हाई, आसंच ना?”

आणि मला तेही म्हणता येईना. “ते मी सांगू शकत नाही, बाई. या छिन्नीनं झालं असं मी लिहायला नको होतं, एवढंच सांगू शकतो.”

“मंग आलात कशाला?”

नवरा दारातून हसला. “अगं, साक्षीदार हाय. इचारलं तेवढंच बोलतो.”

मी कागद मागितला. तिनं पोरीच्या वहीचं पान फाडून दिलं. त्यावर लिहिलं, ‘मुरुडच्या प्रकरणातला माझा अहवाल चुकीचा आहे. त्या छिन्नीवरून हा माणूस दोषी ठरत नाही. अपिलात येऊन मी हे सांगेन, कुणी विचारो न विचारो.’ सही केली, हुद्दा लिहिला, फोन नंबर लिहिला. तिनं पान हातात घेऊन वरखाली बघितलं.

“तारीख घाला,” ती म्हणाली.

“निकालाच्या आधीची घालता येत आसंल तर बघा,” तो म्हणाला.

मी त्याच दिवसाची घातली.