बाबांना पाठवलेलं रॉकेट

बाबा होते तोवर आम्ही एकमेकांना फोनवर व्हिडिओ पाठवायचो. इंदूरहून मी रॉकेटं पाठवायचो, बऱ्हाणपूरहून ते कुस्त्या आणि सनई. एकदा मी आकाशातून परत येऊन जमिनीवर सरळ उभं राहणारं रॉकेट पाठवलं. लगेच त्यांचा फोन आला.

"व्हिडिओ उलटा चालवला का रे?"

"नाही बाबा, खरंच उतरलंय."

"मग तू पण येऊन जा ना घरी."

त्याच शनिवारी मी बसने निघालो. बऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानात ते गिऱ्हाइकांना तोच व्हिडिओ दाखवत होते. मला पाहताच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ, काय उतरतंय!"

मी त्यांच्या शेजारी गादीवर बसलो आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखा तो पूर्ण बघितला.