लुद्विनाचे बारा रुमाल

सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोत, फ्रीमंग्रोन वस्तीत बाईच्या मनात काय आहे हे कळायला तिला तोंड उघडावं लागत नाही. डोकं बघितलं की पुरे. खळ घालून पुठ्ठ्यासारखा कडक केलेला रुमाल कसा दुमडलाय, त्यावरून बाई खुशीत आहे की कुणावर दात खाऊन आहे, हे सगळ्या बायकांना वाचता येतं. पुरुषांना येत नाही. त्यांना शाळेत घातलं होतं ना.

हे रुमाल बांधण्यात लुद्विनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. सारी वस्ती तिला तांते म्हणायची, म्हणजे आपली मावशी. एक जुलैला, गुलामी सुटली त्या दिवशी, मंचावर घेरदार झग्यातल्या बारा बायका बसायच्या, आणि बाराही डोकी तांतेच्या हाताखालून जायची.

त्या वर्षी उत्सव समितीचे अध्यक्ष एमिल पिनास आठवडाभर आधीच आले.

“तांते, बारा रुमाल. सगळे मोराचं शेपूट. सणाचं असतं तेच.”

“बांधते की. पण तुझ्या भाषणात माझ्या आजीची दहा वर्षं घाल.”

“कसली दहा वर्षं?”

तांतेने तोंडातल्या टाचण्या काढून ताटलीत ठेवल्या. “तोफा उडाल्या, सगळे मोकळे झाले. आजी सोळा वर्षांची होती, नाच नाच नाचली. मग सरकार म्हणालं, मोकळे आहातच, फक्त अजून दहा वर्षं मळ्यावर करार करून राबा. देखरेखीखाली. म्हणजे मोकळं राहायची सवय होईल. मालकांना मालक नसण्याची सवय व्हावी म्हणून काही केल्याचं मी ऐकलं नाही.”

“खरं आहे गं. पण सणाला रडगाणं कशाला? मंत्री यायचेत.”

“मंत्र्याला दहापर्यंत आकडे येत असतील की.”

“पुढच्या वर्षी बघू, तांते.”

“आजीलाही असंच सांगायचे,” तांते म्हणाली आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

एक जुलैला सकाळी पहिली आली ती अध्यक्षांचीच बायको, ओर्लीन. बांधून झाल्यावर तिने आरशात पाहिलं. तीन टोकं तीन दिशांना उभी.

“तांते, हे मोराचं शेपूट नाही.”

“नाही.”

ओर्लीनने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. “अजून एक टाचणी लाव. सुटायला नको.”

मंचावर एमिल बोलायला उभे राहिले. मागे बारा बायका, बारा डोक्यांवर तोच एक रुमाल. “त्या एका सकाळी,” एमिल म्हणाले, “आपल्या सगळ्या साखळ्या गळून पडल्या.” खालच्या बायका हसायला लागल्या. आपण आज रंगात आलोय असं वाटून एमिलनी साखळ्यांचं वाक्य पुन्हा घेतलं. हशा वाढला. मंत्रीही हसले. सगळे हसताना न हसणं मंत्र्याला परवडत नाही.

शेवटी पहिल्या रांगेतली आल्याचं सरबत विकणारी बाई ओरडली, “एमिल, मागे बघ. बायकोचं डोकं वाच.”

एमिल वळले. “ओर्लीन, काय आहे हे?”

“चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवतोस आणि एवढं वाचता येत नाही तुला? ‘बोलू द्या त्यांना’ म्हणतात याला. लोकांची बडबड अंगाला लावून घ्यायची नसली की बांधतात. तुझी झाली असेल तर आता तांतेला बोलू दे.”

तांते गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढली. माईक तिने तापलेल्या पळीसारखा लांब धरला.

“माझी आजी अफीबा. ती मोकळी झाली, नाचली, आणि पाय दुखायचे थांबले नव्हते तोच पुन्हा त्याच उसात गेली. मुकादमही तोच. उशीर झाला की कोठडी. अशी दहा वर्षं. सव्विसाव्या वर्षी सुटली तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, झाली का सवय? एवढंच. चला, पॉम गार होतंय.”

मंत्री बूट बघत बसले. मग ताटं वाजायला लागली, कारण कंदाच्या किसात कोंबडी घालून भाजलेलं पॉम गार झालं की खाववत नाही, हे मंत्र्यालाही कळतं.

पुढच्या वर्षीच्या उत्सवाच्या पत्रकात ती दहा वर्षं आली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, शौचालय कुठे आहे त्या सूचनेच्या बरोबर वर. तांतेने नातीकडून दोनदा वाचून घेतलं, आणि कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांना मोराचं शेपूट बांधलं.

ओर्लीनने मात्र गेल्या वर्षीचाच रुमाल मागून घेतला. भाषण यंदाही एमिलच करणार होते.