कान धरून निवडलेलं कुत्रं

अण्णांचा गुडघा आणि डोंगराकडचं आमचं वरचं खाचर, या दोन गोष्टींवरून आमच्या घरात वर्षभर भांडण चाललं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. भोरच्या डॉक्टरांनी त्यांना चढ चढायला साफ मनाई केली होती. पण भात निघालं की त्या खाचरात पावटा असतो, खाचराला लागून रान आहे आणि रानात वानरांची टोळी. त्यामुळे दिवस उगवला की अण्णा गोफण खांद्यावर टाकून वर जायचे, ते दिवस मावळताना उतरायचे. उतरताना दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा मी आवाज चढवला. मग त्यांनीच अट घातली.

"राखणीला कुत्रं आण. त्यानं वानरं हाकलली, की म्या घरी बसतो. सबूद दिला."

मी लगेच हो म्हणालो. हायवेकडच्या एका कंपनीत मी पाळ्या करतो. नोकरीच्या माणसानं खाचरात कधी बसायचं, हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि ते मी घरात सगळ्यांना पाठ करून दिलं होतं.

आमच्या नात्यात कुत्र्यांतलं फक्त मामांना कळतं. असं मामाच सांगतात. ते कामथडीहून मुद्दाम आले आणि चहा संपायच्या आत निकाल देऊन मोकळे झाले.

"गावठी कुत्रं वानराची चापट खातंय आन् शेपूट घालून घरला येतंय. तुमाला पळणारं शिकारी कुत्रं पायजे, कारवानी. पन निव्वळ कारवानी नगं, ते नाजूक असतंय, हितल्या पावसात काकडून जाईल. आई कारवानी, बाप गावठी, असं मिक्स बघू."

या सगळ्या प्रकरणात मामा एवढंच एक शहाणपणाचं बोलले.

वरवे बुद्रुकला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तशी पाच पिल्लं मिळाली. आम्ही तिघं गेलो. पिल्लं कशी चालतात, आई कशी आहे, बाप कुठं आहे, हे कुणी विचारलंच नाही. मामांनी आधी सगळ्यांची नखं मोजली. वीस भरली ती बाजूला घेतली. मग तोंडं उघडून टाळू काळी आहे का पाहिली. आणि मग आमच्याकडची शेवटची परीक्षा, जी माझ्या आजोबांच्या आधीपासून चालत आली आहे: पिल्लू कान धरून उचलायचं. केकाटलं तर भित्रं, गप राहिलं तर जातिवंत. मला ते बघवेना. एक पट्टेरी मादी कान धरायच्या आधीच आमच्यावर भुंकत होती. आमच्या चपलांवर, मामांच्या टोपीवर, गोठ्याबाहेर उभ्या टेम्पोवर, सगळ्यांवर. "किरकिरी हाय," म्हणून मामांनी तिला पायानं सरकवली. एका भुऱ्या नराला उचललं, तो हूं की चूं न करता लोंबकळत राहिला. अण्णांचा चेहरा उजळला. "ह्योच," म्हणाले. मीही मान डोलावली. राखणीसाठी कुत्रं हवं आणि आम्ही तिघं शहाणे पाचातलं सर्वांत मुकं पिल्लू शोधत होतो, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

सहा महिन्यांत ते नुसतं पायच पाय झालं. पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. दोन वेळ दूधभाकरी चापून खायचं, तरी येणारा-जाणारा म्हणायचा, "उपाशी मारताय व्हय रं मुक्या जिवाला?" पावसाळाभर ते चुलीपुढून हललं नाही. अण्णांनी त्याला बारदानाचा अंगरखा शिवला, तो घालून ते ओसरीवर उभं राहायचं आणि आमचा जीव जळायचा.

पावटा शेंगांवर आला तसं त्याला एकट्याला वर नेऊन बांधावर सोडलं. वानरं आली. कुत्रं बाणासारखं सुटलं आणि एका बगळ्यामागं गेलं. बगळा उडाला. मग त्याला पळण्याचीच झिंग चढली, त्यानं खाचरात तीन चकरा मारल्या आणि पावट्याचे वेल पायात गुंडाळून परत आलं. वानरांनी तोवर दुसऱ्या टोकाच्या शेंगा ओरबाडल्या. रानातून येणारं वानर त्याला दिसलं तर दिसलं, नाही तर ते पंजावर हनुवटी ठेवून झोपायचं. आणि भुंकायचं तर कधीच नाही. गावठी कुत्रं निदान ओरडून गाव गोळा करतं. हे मात्र सभ्य माणसासारखं सगळं बघत बसायचं.

मी रजा टाकली. त्याला भुंकायला शिकवायचं म्हणून स्वतः बांधावर उभा राहून भुंकलो. पंचेचाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, भू भू करतोय. राजगडावर निघालेल्या पोरापोरींनी वाटेवर थांबून मोबाईल काढले. कुत्र्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी मी मामांना फोन करून जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

चार दिवसांनी, मी कामावर असताना, अण्णा स्वतःच त्याला घेऊन वर गेले. संध्याकाळी हसत उतरले. म्हणाले, "ब्येस हाय कुत्रं. तुमाला वापरता येत न्हाई."

मी रविवारी बघायला गेलो. वानरं उतरली, अण्णांनी गोफण फिरवली, दगड टोळीच्या पुढ्यात पडला. कुत्र्याची नजर दगडाबरोबर गेली आणि दगडामागं ते गेलं. बांधाबांधानं, एक वेल न तुडवता. टोळी ऐनाच्या झाडावर चढेपर्यंत ते थांबलं नाही. दुसऱ्या बाजूला दगड पडला, ते तिकडं वळलं. दुपारपर्यंत एक शेंग गेली नाही. मला इतका आनंद झाला की पहिल्यांदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग लक्षात आलं, की म्हणजे अण्णांनी वर असायलाच हवं.

"द्या इकडं," म्हणून मी गोफण घेतली. माझा पहिला दगड पाठीमागं गेला, दुसरा आमच्याच पावट्यात पडला. कुत्रं जाऊन अण्णांपाशी बसलं.

"महिनाभर रोज आलास तर जमंल," अण्णा म्हणाले. "त्याला काय न्हाई, त्यो कुनाचंबी ऐकंल. म्या बसतो मग घरी."

त्यांनी वाट पाहिली. मी पाळीचं, सुपरवायझरचं, रजा संपल्याचं सांगत राहिलो. सगळं खरं होतं. पण दुसऱ्या पाळीला सकाळ मोकळी असते आणि हे त्यांना माहीत होतं. कुत्रं मी अण्णांच्या बदली आणलं नव्हतं, माझ्या बदली आणलं होतं. ते माझी जागा घेत नाही, याचाच मला महिनाभर राग येत होता. अण्णांनी माझ्या हातातून गोफण काढून घेतली.

त्या आठवड्यात मला दुसरी पाळी होती. सोमवारी उठलो तेव्हा अण्णा गुडघ्यावर हात दाबून पहिला बांध चढत होते. कुत्रं दोन पावलं पुढं जाऊन त्यांच्यासाठी थांबत होतं. मी दारात उभा राहून त्यांना हाक मारणार होतो. मारली नाही. आत जाऊन पुन्हा झोपलो.