पितरांच्या गाण्यात माझं व्हायोलिन

तीन आठवड्यांपूर्वी बोरिवलीला आमच्या दारात मासळीची पाटी उतरवत हिराबाईची सून म्हणाली, "आय गेली, मास्तर." मी हळहळलो... आणि लगेच त्या हळहळीचीच किळस आली.

हिराबाई गोराईची कोळीण, पण तिची खरी ओळख धवलारीण म्हणून. लग्नात हळदीच्या वेळी ती धवला गायची. एकेका पितराचं नाव घेऊन गेलेल्या माणसांना मांडवात बोलवायची. मी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा. असे जुने सूर आणि नवी वाद्यं एकत्र यावीत, असं मला मनापासून वाटे. "हे मला शिकव," म्हटलं, तेव्हा तिने डोक्यावरची मासळीची पाटी खाली उतरवली. मग म्हणाली, "शिकवीन. पन ह्या गान्याला पितर येतान, मास्तर. त्यांची थट्टा नको." मी शब्द दिला. महिनाभर आमच्या ओट्यावर बसून ती गायली आणि मी वहीत सूर उतरवले.

ती वही मीच आमच्या संगीतकाराला दाखवली. "झकास! खाली बोंगो, वर ट्रंपेट. शब्द हेच ठेव यार, गंमत वाटते." राज्यात दारूबंदी होती, पण पडद्यावर दारूचा अड्डा होता आणि झिंगलेल्या माणसांचा नाच. पितरांच्या नावांमध्ये उचक्या घातल्या. अंधेरीच्या त्या स्टुडिओत सगळे खिदळत होते. हिराबाईला दिलेला शब्द आठवला... तरी मी वाजवलं. चांगलं वाजवलं, हे त्याहून ओंगळ.

पुढे हिराबाईच्याच भाच्याच्या हळदीला कोणीतरी ती रेकॉर्ड लावली. पोरं उचक्या देत नाचली. "आत्या, तसं गा ना, सिनेमावानी!" ती पाटावरून उठली, ती पुन्हा कुठल्याच मांडवात गायली नाही. दुसऱ्या दिवशी मासळी घेऊन आली. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "तूच वाजवलंस ना रं? तुझा हात वळखला मी." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा होडीने गोराईला गेलो. अंगणात शेजारीण भेटली. हिराबाई घरातल्या घरात रोज चुलीपुढे बसून पितरांची नावं घ्यायची, त्यांची माफी मागायची, असं तिने सांगितलं. दार उघडं होतं. आत सून तशीच बसून हलक्या आवाजात एकेक नाव घेत होती. हिराबाईचं नाव आता त्यांत आलं असेल... ऐकावं म्हणून मी उंबऱ्याशी थांबलो. सुनेने वळून पाहिलं आणि तोंड मिटलं. मी अंगणाबाहेर पडेपर्यंत तिने पुढचं नाव घेतलं नाही.