उजवा पाय सरळ

आईच्या हृदयाची झडप छाती न उघडता मांडीच्या शिरेतून बदलली, त्या संध्याकाळी आम्ही लढाई जिंकल्यासारखा चहा प्यायलो. दुसऱ्याच दिवशी तिचे ठोके मंदावले. काही जणांना असं होतं, डॉक्टर म्हणाले. मांडीतूनच एक तार हृदयात सोडून बाहेरच्या तात्पुरत्या पेसमेकरच्या डबीवर ठोके चालू ठेवले. तिचे स्वतःचे परत येतात का, याची दोन दिवस वाट बघायची. तोवर उजवा पाय मुडपायचा नाही. तार सरकली तर हृदय थांबू शकतं.

आईचा डोळा लागला की गुडघा वर यायचा. जन्मभराची सवय. शेवटी सिस्टरनी नियम मोडून आयसीयूत मला खाटेशी स्टूल दिलं. दीड दिवस मी त्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. माझ्या पाठीचा काटा ढिला झाला होता, आणि खरं सांगायचं तर मला तिचा रागही यायला लागला होता.

दुपारी थोरले काका, म्हणजे आईचे थोरले दीर, नेसरीहून एसटीनं आले. दारावरच्या माणसानं अडवलं, तर "पावणं, नुसतं तोंड बघून जातो की," म्हणत आत आले आणि थेट आईच्या पायाशी उभे राहिले. मी उठले, स्टूल त्यांच्याकडं सरकवलं आणि वाकून नमस्कार केला. तेवढ्यात आईनं डोक्यावर नसलेला पदर चाचपला आणि पाय ओढून घेतला. थोरल्या दिरासमोर ती कधी पाय पसरून राहिली नव्हती.

मॉनिटर ओरडायला लागला. आईचे डोळे फिरले. सिस्टरनी धावत येऊन छाती दाबली, डॉक्टरांनी तार पुन्हा बसवली, तेव्हा कुठं ठोके आले. काका भिंतीला टेकून उभे होते. दुसऱ्या दिवशी कायमचा पेसमेकर बसवला.

वॉर्डात आल्यावर मी सगळा शीण तिच्यावर काढला. "जीव गेला असता की तुझा. कशाला आवरलास पाय?"

आई म्हणाली, "आनि तू गं? हात सोडून का उटलीस?"

काका आले की उठायचं, हे तिनंच शिकवलं होतं.